आरशातला राजा

पांगाऱ्याच्या लाकडी भुशाचा कोवळा वास, त्यावर ओल्या रंगाचा उग्र थर आणि खिडकीतून आत झिरपणारा समुद्राचा खारा ओलावा, मालवणातली माझी सकाळ या तिन्हींतून उगवते. आठवी अर्ध्यावर सोडून परभणीकडच्या काळ्या मातीतून इथे आलो, तेव्हा रफीकभाईंनी आपल्या बाहुल्यांच्या कारखान्यात माझ्या हाती ब्रश दिला आणि घासही स्वतःच्याच घरचा दिला. त्या ऋणामुळेच की काय, एक रेघ चुकली तरी आपले अंथरूण गुंडाळावे लागेल, ही धास्ती माझ्या उशाशी निजते.

त्या माघात दशावतारातल्या एका दिवंगत राजपार्टी नटाच्या स्मृतिदिनासाठी बाहुल्या करायच्या होत्या. हयातभर देवळांच्या अंगणांत राजे उभे करणाऱ्या त्या नटाला मी कधी पाहिले नव्हते. नाटकमंडळींनी दिलेल्या एकाच फोटोवरून मी मुकुट, मिशी आणि गालावरचा तीळ उतरवला. बाहुल्या वाळायला मांडल्या, कोवळे ऊन त्यांच्या गालांवर चढले, आणि एक बाहुली डोळ्यांशी नेत रफीकभाई थबकले.

"रे घाटावयल्या, तीळ उजव्या गालार हुतो. तू डाव्यार काढलंस!"

फोटो पुन्हा पाहिला आणि उमगले. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. तो फोटो त्या वेळचा, समोरच्या आरशातल्या प्रतिबिंबाचा होता आणि आरशाची चौकट कुणीतरी कापून टाकलेली. तिची एक कड तेवढी कोपऱ्यात उरली होती, आणि आरशात उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर दिसत होता. आता रंग पक्का बसला होता, आणि नटाच्या पत्नी, काकी, बाहुली पाहायला वाटेवर होत्या. त्यांनी होकार दिला तरच बाहुल्या मंडपात जाणार होत्या.

काकी आल्या. नसलेली धूळ पुसावी तशी त्यांनी बाहुली पदराने पुसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मला परतीची एसटी दिसू लागली.

"काकी, तीळ चुकलो," रफीकभाईच म्हणाले. "पोराची चूक नाय, लक्ष माझां नाय हुतां."

"चुकलो खंय?" काकी बाहुलीवरून नजर न काढता म्हणाल्या. "गावच्या जत्रेक ते रंगाक बसले काय मिया मागसून मुकुटाची दोरी बांधी. तेव्हा काय तां तेंचा तोंड आरशात सवडीन बघूक गावा. एरवी मान वर करून घोवाक कोण बघता?"

"आणि लोक काय म्हणतले?" रफीकभाईंनी विचारले.

"लोक मुकुट बघतले! तीळ ऱ्हवांदे थंयच. माका ह्योच राजा होयो."

ओहोटीला पायांखालची वाळू हलकेच सैल व्हावी तसे काहीतरी माझ्या छातीत सुटत गेले. रफीकभाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि चहा सांगितला.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिच्या भिवईवर एक जुना व्रण आहे. तो डावीकडे की उजवीकडे, हे पलीकडे घंटी वाजत असताना काही केल्या आठवेना. एरवी याचीही धास्ती बसली असती. त्या दिवशी बसली नाही. व्रण मला दिसत होता, चुलीच्या उजेडात, मी तिच्यापाशी बसायचो त्या बाजूने.