साओ पाउलो ते बुसान: एकतीस तास

बुसानमध्ये चू म्योंगरेबाईंचं विमान-तिकिटांचं दुकान अठ्ठावीस वर्षं होतं. बाई स्वतः उभ्या जन्मात एकदाच विमानात बसल्या, तेही जेजू बेटापर्यंत. पण जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा, मधलं अंतर आणि लागणारे तास त्यांच्या जिभेवर. संगणकाला त्या विचारत, पण तो चुकतो का ते बघायला.

कुणाच्या घरी मयत झालं की माणसं आधी त्यांच्याकडे धावत. तिथल्या रीतीनं दुसऱ्या दिवशी दुपारी मृताला पेटीत ठेवलं की चेहरा कायमचा झाकला. परदेशातलं पोर त्याआधी पोचेल का, एवढंच विचारायचं असे. "टोरंटो? पोचेल. फक्त आंघोळीला थांबू नको म्हणावं."

त्यांची एकुलती एक लेक हेवॉन साओ पाउलोत. नऊ वर्षांपूर्वी गेली, तिथे कपड्यांचं दुकान घातलं. अठरा हजार किलोमीटर, एकतीस तास, आणि घड्याळात बरोबर बारा तासांचा फरक. म्हणून बाई तिला दिवसा कधी फोन करत नसत; पोर झोपलेली असायची.

नवरा ग्वांगसिक आठ महिने फुप्फुसाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. रोज विचारायचा, "तिला यायला किती तास लागतात गं?"

"एकतीस. कशाला पोरीची फरफट?" आणि लेकीला फोनवर सांगत, "बाबांना जरासा खोकला आहे. एवढ्या लांबून येऊ नकोस."

मंगळवारी दुपारी तीनला तो गेला. बाईंनी फोन लावला. तिकडे पहाटेचे तीन, तरी हेवॉनने पहिल्याच घंटेला उचलला. मागे कसली तरी यंत्रं घरघरत होती. "बाबा गेले," बाई म्हणाल्या. पलीकडून "येते," आणि फोन बंद.

इस्पितळाच्या तळघरात अंत्यविधीची खोली मिळाली. तिथल्या व्यवस्थापकाला, नामला, बाईंनी बजावलं, "मुलगी परवा पहाटे पोचेल. तोवर पेटी नाही."

"परवा सकाळी तर न्यायचंय, बाई. नियमात बसत नाही."

"नियम गुंडाळून ठेवा. बापाचं तोंड बघितल्याशिवाय माझी पोर राहणार नाही."

नाम कुरकुरत कबूल झाला.

त्याच संध्याकाळी साडेपाचला हेवॉन दारात उभी. हातात सामान नाही, अंगावर सुताचे कण, पायात रबरी चपला. बाईंच्या डोक्यात आला तो हिशेबच: अडीच तास. एवढ्यात कुठलंच विमान येत नाही.

"कशानं आलीस?"

"बसनं. यांगसानहून." हेवॉनची मान खाली. "तिकडचं दुकान बुडालं, आई. परत येऊन दोन वर्षं झाली. मोज्यांच्या कारखान्यात आहे. कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

"रात्री फोनवर म्हणायचीस, आत्ताच उठले."

"हो."

"बाप मरत होता, हेवॉन."

"तू म्हणायचीस, जरासा खोकला आहे."

बाईंना पोरीच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, पण हात उचलेना. त्या हातानेच तर आठ महिने फोन धरला होता.

नाम आत डोकावला. "बाई, मुलीचं विमान निघालं का?"

"पेटीला उद्या दुपारचीच वेळ ठेवा," त्या म्हणाल्या. मग दुकानात विचारायच्या तशा कोरड्या आवाजात लेकीला, "बसला किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं."

बाई पांढऱ्या शेवंतीत ठेवलेल्या नवऱ्याच्या फोटोसमोर गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पन्नास मिनिटं लागतात तिला यायला."