डाव्या हाताची गांधीलमाशी

हात सुजला की त्यात पाणी जमतं म्हणतात. माझ्या हाताला पाण्यापेक्षा किस्सेच जास्त जमले! सांगायला लागले की माझी कामावरची मैत्रीण कडूबाई मधीच म्हणते, "टेलरचा सांग, टेलरचा!" थांब माय, सांगते. मला एका जागी बसवत न्हाई, मी उठत-बसतच सांगणार.

जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत आम्ही बाया सरकी निवडायचो. टेबलावर बी पसरायचं, फुटकं-काळं बाजूला काढायचं. माझ्या छातीतली गाठ काढली तव्हा काखेतल्याबी काढल्या, अन् काही महिन्यांत डावा हात बोटांपर्यंत फुगला. डॉक्टर म्हणले, "ही सूज आता राहणार. जड उचलू नका, काही टोचू देऊ नका, हात वर ठेवा." आमच्या ह्यांचं काम सुटलेलं, घर माझ्या रोजावर. अन् पुढच्या सीझनला कोणाला बोलवायचं ते ठरवणार मुकादम! दुखणं दिसलं की नाव कटलं. मंग मी हात पदराखाली दाबून कामाला जायचे, जीव काही थाऱ्यावर नसायचा.

*

हात वर ठेवा म्हणल्यावर मी पोत्यांच्या थप्पीवर पदरासकट डावा हात ठेवून उजव्यानं निवडायचे. रंगनाथ मुकादम लई कडक. लांबूनच ओरडायचा, "आता काय पाह्यजे? पाणी प्यायला आत्ताच गेल्ती ना!"

मी गपकन हात खाली घ्यायचे. तो वळला की परत वर. परत त्याचं, "आता काय?" दिवसभर हेच!

शेवटी कपाळावर हात मारून म्हणला, "सुंदराबाई, शाळा सुटली आता! हात खाली घे!"

*

हां, टेलरचा. मस्तगडच्या टेलरला बजावून सांगितलं, "डावी बाही मोठी ठेवा, उजवी नेहमीसारखी." त्यानं मान हलवली. घरी येऊन ब्लाउज घातलं, तर डावा हात कोपरापर्यंतबी जाईना!

भांडायला गेले तर तो मलाच समजावून राह्यला, "बाई, आमच्या कारागिरानं घोळ केल्ता. एक बाही मोठी, एक लहान! मी स्वतः बसून दोन्ही बराबर केल्या. त्याचा खर्चबी लावला न्हाई!"

संग आलेली कडूबाई हसून हसून दुकानाच्या पायरीवरच बसली. मला मात्र रडायला येऊन राह्यलं होतं, दुसऱ्या दिवशी कामावर घालायचं काय?

*

चतुर्थीला आम्ही दोघी राजूरच्या गणपतीला चाललो होतो. हाताला पट्टी गुंडाळलेली, वरून पदर. कंडक्टर म्हणतो, "मावशी, पदराखालच्या लेकराचं वय काय? अर्धं तिकीट लागंल."

मी काही बोलायच्या आधीच कडूबाई म्हणली, "तान्हं हाय हो! आत्ताच झोपलंय, उठवू नका!"

राजूर येईस्तोवर मी हात मांडीवर थोपटत बसले.

*

एक दिवस पदर सरकला अन् मुकादमानं हात पाह्यलाच. "हे काय?"

मी गपकन पदर ओढला. तोंडात आलं ते बोलून गेले, "गांधीलमाशी चावली."

"हळद लाव," म्हणला अन् गेला. काही दिवसांनी पुन्हा, "अजून सूज हाय?"

"दुसरी चावली."

मंग काय! मुकादमानं शिडी लावून गोडाऊनचा कोपरा न् कोपरा तपासला. कडुनिंबाचा पाला पेटवून धूर केला. सगळ्या बाया खोकत बाहेर! मालक धावत आले, "आग लागली का?" मुकादम डोळे पुसत म्हणतो, "न्हाई साहेब, गांधीलमाशा हाकलून राह्यलो. बायांना चावतेत."

पोळं एकबी सापडलं न्हाई. कडूबाईनं मला चिमटा काढला, "तिसरी चावू देऊ नको, हा गोडाऊन पाडंल!"

*

सीझनच्या शेवटी आमच्याकडं एक रीत होती. मालकीणबाई चुडीवालीला बोलवायच्या, बायांना हिरव्या बांगड्या भरायच्या. मुकादम एकेकीचं नाव घ्यायचा. नाव घेतलं ती पुढच्या सीझनला पक्की, न्हाई घेतलं तिनं गुमान चपला घालायच्या. आदल्या साली गंगूबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू आल्ता. तिचं नाव आलंच न्हाई.

म्हणून मी आधीच चपलांपाशी उभी. कडूबाईचं नाव झालं. आणखी दोघींचं झालं. मंग आवाज आला, "सुंदराबाई!"

सतरंजीवर जाऊन बसले अन् उजवा हात पुढं केला. तो भरून झाला. चुडीवाली म्हणली, "अब दूसरा लाओ." मी पदर घट्ट धरला, तर तिनं हात ओढूनच काढला. सगळ्यात मोठी बांगडी बोटांवरच अडकली.

"इसमें तो कुछ बी नै जाता, बाई!"

मालकीणबाई उठून जवळ आल्या. "अगं बाई! काय झालं हाताला? अन् सवाष्णीचा हात मोकळा कसा ठेवायचा?" मंग मुकादमाकडं वळल्या, "अहो, हिला काम होतं का?"

मी हात परत पदराखाली ओढला.

मुकादम म्हणला, "गांधीलमाशी चावली हाय, बाईसाहेब."

"एवढी सूज?"

"लई खोडीची माशी हाय. पुढच्या सीझनलाबी चावणार हाय!" अन् चुडीवालीवर खेकसला, "पाहत काय बसली? दोन्ही हातच्या उजव्यातच भर! जल्दी कर, मागं बाया खोळंबल्या!"