कासारणीपुढं धरलेला हात

चूक माझीच होती, ते आधीच सांगतो. थोरल्या लेकीच्या रुखवतात बांगड्यांच्या काचांचं तोरण मांडायची मला हौस. निजामाच्या काळात तयार तोरण कुठलं मिळायला! म्हणून सेलूच्या आठवडी बाजारात मी एका कासारणीजवळ ठाण मांडून बसलो. एखादी तरी बांगडी फुटेल, तुकडे मागून घेऊ, एवढीच आशा.

पण फुटेना. कासारीण समोरच्या बाईचा हात आधी कणकेसारखा मळायची, मग माहेरची चौकशी करता करता बांगडी मनगटावर. "माझ्या हातून काच फुटत न्हाई," हा तिचा तोरा, आणि त्यावरच तिचं गिऱ्हाईक.

एवढ्यात एक नवरी चुडा भरायला बसली. कट्‌कन आवाज आला आणि मी हरखून ओरडलो, "फुटली का?"

वाजला होता नवरीच्या मावशीचा अडकित्ता. पण लग्नचुड्यावर असलं अभद्र बोलणं! मावशीनं नवरीला उठवलं, मागोमाग बाकीच्या बायकाही उठल्या.

कासारीण माझ्याकडं वळली. "हात आणा इकडं, भाऊ. या रेड्याच्या हातात भरून दावते. बघू द्या समद्यांना!"

बाजार गोळा झाला. माझ्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या चढल्या, एकही न तडकता. मावशी पदरात हसत नवरीला घेऊन परत आली. मी किणकिणते हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चुकलो बाई, तुमच्या हातून काच फुटत नाही."