पानओल आणि घाबरलेली माणसं

गोरक्षभाऊंना पहिल्यांदा भेटाल तर वाटेल, हा माणूस भांडायलाच घराबाहेर पडलाय. पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये ते यंत्रं दुरुस्त करतात आणि कामावरून आल्यावर कॉम्प्युटरसमोर बसतात. आठ वर्षं असं बसून त्यांनी 'पानओल' लिहिलं. बागेत लावलेलं छोटं यंत्र द्राक्षाचं पान किती तास ओलं राहिलं ते मोजतं, आणि डावणी रोगाचा धोका आहे का, फवारायचं का, हे पानओल शेतकऱ्याच्या फोनवर सांगतं. सगळं फुकट. कोडही उघडा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा.

वाचावा म्हणे! एका फाइलीचं नाव 'जुनं', दुसरीचं 'जुनं खरं', तिसरीचं 'हात लावू नये'. मी नाशिकच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तरी पहिला महिनाभर मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

एकट्या माणसाच्या डोक्यात एकशे चाळीस बागा ठेवायच्या म्हणजे काय! त्यांना उद्या काही झालं तर? म्हणून माणसं जमवायचं मी अंगावर घेतलं. पंचवटीत ओळखीच्या एका दुकानावरची खोली मागितली, दर रविवारी बैठक, वर मिसळ. वर्षभरात अकरा जण आले. नऊ पळाले. कारण भाऊ! कुणी दुरुस्ती पाठवली की खाली यांचा शेरा: 'हे कुणी शिकवलं?'

"भाऊ, लोक फुकट राबायला येतात, तुमच्या शिव्या खायला नाही," मी एकदा तडकलेच.

"रेहानाताई, एक ओळ चुकली तर कुणाची तरी बाग जाते," ते म्हणाले. "मला भीती वाटते हो."

मला तेव्हा ते नाटक वाटलं होतं.

नोव्हेंबरात आभाळ भरून आलं आणि तीन-चार दिवस रिपरिप लागली. गुरुवारी दुपारी नव्या लोकांना शिकवायला म्हणून मी माझीच जुनी दुरुस्ती उघडली. बागेतल्या यंत्राची रेंज गेली की आकड्याची जागा रिकामी राहायची आणि सगळा हिशोब अडायचा. मी शहाणीने त्या रिकाम्या जागी शून्य घातलं होतं. शून्य तास ओल. म्हणजे पान कोरडं!

हातातला डबा तसाच राहिला. पावसात रेंज जाते, रेंज गेली की शून्य, आणि शून्य म्हणजे 'धोका नाही'. भर पावसात आम्ही लोकांना सांगत होतो, फवारू नका.

कुठली यंत्रं गप्प आहेत ते पाहिलं. चौदा. त्यात लंकाबाईंचं. पिंपळगावजवळ त्यांची दोन एकर बाग, ऐन फुलोऱ्यात आलेली. नवरा गेल्यापासून एकटी बाई बाग सांभाळते, आणि त्यांना पानओल फोनवर मीच घालून दिलं होतं. फुलोऱ्यात डावणी आली तर घड जळून गळतात, वर्ष संपलं.

आणि मी काय केलं? कुणाला न सांगता ती शून्याची ओळ बदलली आणि गप्प बसले. भाऊंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती जुनी दुरुस्ती माझी एकच होती जी त्यांनी शेरा न मारता घेतली होती. घरी गेले तर चोराच्या मनात चांदणं, फोन वाजला की दचकत होते. या अल्लाह, काय बाई मी!

शुक्रवारी सकाळी राहवेना. कोल्ड स्टोअरेजच्या गेटवर जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून खाली मान घालून उभी होते. ओरडलेच नाहीत.

"चला," म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

लंकाबाई बागेतच होत्या. आम्हाला बघून त्यांनी एक पान उलटं करून धरलं. खाली पांढरी बुरशी. शेजारचा घड तपकिरी पडलेला, बोट लावताच फुलं झडली. रस्त्याकडची बाजू तर गेल्यात जमा होती.

"माझं मन म्हणत व्हतं, फवार. तुमचा फोन म्हणला, धोका नाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, चूक माझी," भाऊ म्हणाले.

"नाही मावशी, माझी. आणि कालपासून मला ठाऊक होतं."

"ती तुमी मागून वाटून घ्या," लंकाबाई म्हणाल्या. मग पदराला हात पुसत हळूच बोलल्या, "डावणीचे तेलकट डाग मी मंगळवारीच पाहिले व्हते."

भाऊ चमकले. "मंगळवारी? मग कळवलं का नाही? रोग दिसला की भरायचा फॉर्म आहे ना फोनवर!"

"फॉर्म भरला की समद्या ग्रुपात दिसतो, आन् तितं व्यापाऱ्याची माणसं हायेत, गोरख. माझ्या बागेत डावणी म्हणून कळलं की माल बघायला कोण येईल? समदे असंच करत्यात. लयच झालं तर 'शेजारच्या बागेत दिसली' म्हणून लिहित्यात. झाकली मूठ."

मी फोन काढून फॉर्म पाहिले. हंगामाचे एकोणीस. एकोणीसच्या एकोणीस 'शेजारची बाग'. म्हणजे त्यांनी आमच्यापासून लपवलं, मी भाऊंपासून, आणि मधल्या मध्ये रोग मजेत पसरत होता. मला तिथे बांधावर रडूच फुटलं.

"रडती काय? लिव्ह," लंकाबाई म्हणाल्या. "माझं नाव लिव्ह. माझीच बाग. लंकाबाई, डावणी, मंगळवारपासून."

भाऊंनी ते ग्रुपवर टाइप केलं. खाली स्वतःचं लिहिलं: पानओल चार दिवस चुकीचं सांगत होतं, त्यावर विसंबू नका, आज दिवस मावळायच्या आत बाग बघा.

दहा मिनिटांत पहिला फॉर्म आला. 'माझी बाग'. मग दुसरा. मग चार एकदम. पानओलच्या नकाशावर लाल ठिपके उठायला लागले, आणि पश्चिमेला आभाळ पुन्हा काळं होत होतं. शंभरावर लोकांनी तर निरोप पाहिलाच नव्हता. बागेत राबणारा माणूस दुपारी फोन कुठे बघतो? एकेकाला फोन लावायला हवा होता, आणि टिकलेले दोघं धरूनही आम्ही चौघंच.

"भाऊ, पळालेल्यांना बोलवा," मी म्हणाले. "मी नाही. तुम्ही."

त्यांनी फोनमध्ये नंबर शोधला. मग हर्षालीला फोन लावला. जूनमध्ये भर बैठकीतून उठून गेली होती ती. फोन स्पीकरवर होता.

"सर," ती घाईघाईने म्हणाली, "मी तेव्हापासून कशालाच हात लावलेला नाही हो. शप्पथ. माझ्यामुळे काही बिघडलं का?"

भाऊ बांधावर खाली बसले. मला वाटलं, आता फोन ठेवून देतात की काय.

"नाही गं पोरी," ते म्हणाले. "मी घाबरलोय. येशील का?"