थंड भट्टी पाहून गेलेले साहेब

गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. दीर म्हणायचे म्हणून कामगार म्हणू लागले, कामगार म्हणतात म्हणून वाळूवाला आणि भंगारवालाही. नवरा गेल्यावर त्यांनी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, हाती घेतली, तेव्हा नातेवाइकांनी ठरवून टाकलं की चार दिवस हौस करतील आणि किल्ल्या टाकतील. किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला आहेत. सकाळी देवापुढे जोडलेले हात दिवसभर वाळूत काळे करायचे, हा त्यांचा नेम.

फाउंड्रीत पंपाच्या पोटात फिरणारं चक्र ओतत, इम्पेलर म्हणतात ते. पण कोळशाच्या भट्टीची आच म्हणजे लहरी माणसाचा स्वभाव. कधी चढायची, कधी पडायची, आणि पडली की वितळलेला रस साच्यात अर्ध्या वाटेतच थिजायचा. पंपवाले कंटाळून परदेशी माल मागवू लागले. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने तर सांगूनच टाकलं, वर्षअखेरीपर्यंत माल सुधारा, नाहीतर आमचा नमस्कार. आता विजेची भट्टी आणायची किंवा दाराला कुलूप लावायचं. तिसरी वाट नव्हती.

नेहमीच्या बँकेने घराची कागदपत्रं मागितली आणि हप्ता लगेच सुरू करायला सांगितला. भट्टी बसायला, सुरळीत चालायलाच वर्ष जाणार, तर हप्ता कुठून भरायचा? मग वहिनींनी सरकारच्या विकास बँकेत अर्ज टाकला. भाऊजी, म्हणजे त्यांचे दीर, हिशेब बघत आणि टोमणे फुकट देत. ते म्हणाले, ती बँक धरणं बांधते, बंदरं बांधते, तिला आपली चूल कुठून दिसणार? असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं बसून राहू का मग, असं वहिनींनी विचारलं आणि विषय मिटवला.

बँकेचे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुणा येणार म्हटलं की पसारा झाकायचा, ही या घराची रीत. वहिनींनी आदल्या दिवशीच भट्टी विझवली. भिंतींना चुना दिला, वाळू झाडून कोपऱ्यात लावली, बिघडलेल्या मालाचा ढीग ताडपत्रीखाली गेला. कामगार धुतलेले सदरे घालून रांगेत उभे, जसे काही फोटोच काढायचे आहेत. साहेब आले, त्यांनी भट्टीवर तळवा ठेवला, चहाला नको म्हणाले आणि गेले. पुढे बँकेचं उत्तर आलं : कारखाना बंद असल्याचे दिसले, सबब अर्ज परत.

भाऊजींना हसावं की रडावं कळेना. भिंतीला बाकी चुना छान बसलाय हं, एवढंच म्हणाले. त्या रात्री वहिनींना जेवण गेलं नाही, पण सकाळची पूजा चुकली नाही. देवाला त्यांनी काही मागितलं नाही. मी जाऊन येते, एवढंच सांगितलं.

बँकेच्या कचेरीत त्या दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. साहेबांनी आत बोलावलं तेव्हा आवाजात त्रासिकपणा होता.

"बाई, मी भिंती बघायला आलो नव्हतो."

"चूक माझीच. आता न कळवता या. पसारा जिथल्या तिथे असेल."

साहेब आले ते ऐन ओतकामाच्या वेळी. लाल रसाने भरलेली मूस दोघा कामगारांनी उचललेली, वहिनी साच्यापाशी वाकलेल्या. अशा वेळी देव दारात आला तरी थांबावं लागतं. साहेबही थांबले, धुरात, चांगल्या कपड्यांनिशी. रस संपल्यावर वहिनींनी त्यांना आधी बिघडलेल्या मालापाशी नेलं. ताडपत्री नव्हती. यातला प्रत्येक नग या भट्टीने खाल्लाय, असं त्यांनी सांगितलं, आणि एकेक उचलून आच नेमकी कुठे पडली ते दाखवलं.

भाऊजींना राहवलं नाही. धरणं सोडून साहेब आमच्याकडे कसे, असं त्यांनी विचारलंच. साहेब हसले. धरणाची वीज वापरायला कोणी नको का, म्हणाले. दुसऱ्या बँका लोकांच्या ठेवी सांभाळतात, त्यांना पैसा लवकर परत लागतो. आम्हाला सरकारने थांबण्यासाठीच बसवलंय. इथला पंप इथल्याच चक्रावर फिरला तर थांबल्याचं सार्थक. मग ते वहिनींकडे वळले.

"पण विजेची भट्टी तुमच्या एकटीच्या कामाला मोठी आहे. अर्धा आठवडा रिकामी राहील. देशाचा पैसा रिकामा ठेवायला मी देऊ शकत नाही. जोडीला दुसरी फाउंड्री आणा, मंजुरी देतो."

दुसरी फाउंड्री म्हणजे समोरची. आणि समोरचा मालक म्हणजे घुम्या. त्याने वहिनींचा सगळ्यात जुना साचेवाला फोडून नेला, तेव्हापासून दोन्ही घरांत राम राम बंद. भाऊजी म्हणाले, कुलूप परवडलं, पण त्याचं तोंड बघायला नको. वहिनींनी हात धुतले, पदर सारखा केला आणि सरळ गल्ली ओलांडली.

घुम्या साचे वाळवत होता. त्याने बसा म्हटलं नाही, त्या बसल्याही नाहीत. साचेवाल्याचा विषय त्यांनी काढला नाही. तुमचाही माल परत येतोय, गल्लीत लपत नाही, असं म्हणून त्यांनी बँकेची अट जशीच्या तशी सांगितली. भट्टी दोघांची, हप्ता दोघांचा, बुडालो तर दोघंही. घुम्याने वाळूत बोटाने आठवड्याच्या सात रेघा ओढल्या. आतून तो साचेवाला ऐकत होता, त्याने मान खाली घातली.

"सोमवार मला लागेल," घुम्या म्हणाला.

"सोमवार आमचा. मंगळवार, बुधवार घ्या."

"आणि शनिवार?"

"शनिवारचं भांडण भट्टी बसल्यावर करू. आधी सहीला चला, साहेब पाचला कचेरीतून उठतात."

घुम्या कपाळाला आठ्या घालून उठला आणि खुंटीवरचा सदरा काढू लागला.