उजव्या हाताची करंगळी

आमच्या ह्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. "माका काय्येक झालेला नाय गो." अंगात ताप असतो, डोळे लालबुंद असतात, तरी झालेलं काही नसतं. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण या माणसाला दुखलं-खुपलं तर कळायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे विचारणं मी कधीच सोडलं. मी आपली बघत असते.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी हे आरशासमोर शर्टाची बटणं लावत होते आणि मी ओट्यापाशी डबा भरत होते. बटण काही लागेना. उजव्या हाताने दोनदा घसरलं, मग डाव्या हाताने लावायला लागले. मी म्हटलं, "काय झालं हो हाताला?"

"थंडी आसा."

आता घाटकोपरला कसली आलीय थंडी? आमच्या असल्फ्याच्या टेकडीवर पहाटे जरा गार वारा येतो, पण बटण लागू नये इतका नाही. त्या दिवशी हे कामाला गेल्यावर माझं कशातच लक्ष लागेना. भाजी करपली, गॅसवर दूध उतू गेलं, आणि डोळ्यासमोर सारखे माझे थोरले दीर, भाऊ. भाऊंचाही आधी हातच गेला होता. बोटांना मुंग्या येतात म्हणाले, झोपेत आखडला असेल म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं. आज ते गावी, कणकवलीजवळ, पलंगावर पडून असतात आणि जाऊबाई त्यांना चमच्याने भरवते. सख्खा भाऊ तो ह्यांचा. रक्त एकच ना.

हे पवईच्या एका मोठ्या सोसायटीत प्लंबर आहेत. पण तुम्ही भांडुपला जाऊन विचारा, प्लंबर म्हणून कोणी ओळखणार नाही. दशरथ परब म्हटलं की लोक म्हणतील, मृदंगवाले. सासरे गिरणीत होते आणि रात्री भजनात मृदंग वाजवायचे. त्यांचाच मृदंग ह्यांच्याकडे आला. निलेशबुवांच्या भजनी मंडळात गेली कित्येक वर्षं साथीला हेच. आमच्या कोकणातल्या लोकांत डबलबारी म्हणजे काय असते ते सांगायला हवं. दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांना कोडी घालतात, चिमटे काढतात. शेवटी गजर लागतो, लय चढत जाते, आणि तेव्हा बुवा नाही, मृदंगवाला जिंकतो किंवा हरतो. माघी गणपतीला भांडुपच्या टेंभीपाड्यात मोठी बारी ठरली होती. हे त्याच्याच तयारीत होते.

तालमीला मंगळवारी आणि शनिवारी जायचे, कामावरून घरी येऊन, सायकलने. असल्फ्यावरून खाली उतरायचं आणि एलबीएस रोडने थेट भांडुप. पूर्वी ह्यांच्याकडे जुनी काळी उंच सायकल होती. मागच्या वर्षी सोसायटीतल्या एका तरुण साहेबाने परदेशी जाताना आपली गिअरवाली सायकल ह्यांना दिली. दिसायला झकास, काय सांगू. पण हँडल खाली आणि सीट वर, त्यामुळे पुढे वाकून, सगळा भार हातांवर टाकून चालवायची. हे कामालाही तिच्यावरूनच जायला लागले. त्या सायकलवर असे खूश, की आमची मुलगी प्रांजल चिडवायची, "बाबा, लग्न लावून देऊ का तुमचं तिच्याशी?"

प्रांजललाच मी आधी सांगितलं. ती कॉलेजात शिकते, मोबाइलवर तिला सगळं सापडतं. तिने शोधलं आणि म्हणाली, "आई, सायकलवाल्यांना होतं असं. ग्लोव्ह्ज घ्यायचे." घेतले. जाडजूड, तळव्याला गादी लावलेले. हे म्हणाले, बघ, आता बरा. मी तेवढ्यावर शांत झाले. म्हणजे तसं दाखवलं.

पण बघत होतेच. जेवताना भात बोटांतून गळायला लागला. पाना सुटून पायावर पडला, ते मला त्यांच्या सोबतच्या माणसाकडून कळलं. आणि एका शनिवारी तालमीहून आल्यावर हे हात झटकत बसले, झटकत बसले, आणि मग मी बघतेय असं दिसलं तसा हात मांडीखाली घातला. दुसऱ्या दिवशी मी सरळ सांगितलं, दवाखान्यात चला, नाहीतर मी जेवणार नाही. ते म्हणाले, जेव नको. मी खरंच जेवले नाही. सोमवारी आले निमूट.

डॉक्टर क्षमा आमच्या स्टेशनजवळच्या दवाखान्यात बसतात. बाई तरुण, पण घाई करत नाहीत. त्यांनी ह्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर धरायला सांगितलं, नाव-गाव बोलायला लावलं. ह्यांचं तोंड वाकडं होतंय का, ते मी बघत होते. मग म्हणाल्या, "लकवा वगैरे नाही हे. काळजी सोडा." मला तिथेच खुर्चीत रडू आलं. हे इकडेतिकडे बघायला लागले, जणू ही बाई आपली कोणी लागतच नाही.

"सुन्न कुठली बोटं होतात?"

"करंगळी, आणि तिच्या शेजारचा अर्धा."

डॉक्टरांनी विचारलं, सायकल आणलीय का? आणली होती. मग त्या बाई चक्क उठून दवाखान्याच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, बसून दाखवा. हे बसले. मनगट मागे मोडलेलं, कोपर ताठ, आणि सगळं अंग तळहातांवर. डॉक्टरांनी त्यांच्या तळव्यावर करंगळीखाली बोट ठेवलं. "इथून नस जाते. तिच्यावर तुम्ही रोज बसताय. सीटचं टोक खाली झुकलंय ते सरळ करा. हँडल वर घ्या. मनगट मोडू नका, कोपर सैल ठेवा, आणि एकाच जागी धरून बसू नका, मध्येमध्ये हात हलवा. सिग्नलला हात सोडून बोटं उघडा-मिटा. अंगावर काही ओझं असतं का?"

"नाय," हे म्हणाले.

मी म्हटलं, "असतं. पाठीवर मृदंग असतो."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं घर विकलं. डॉक्टर म्हणाल्या, "मृदंग म्हणजे केवढा?" मी म्हटलं, पाण्याने भरलेल्या बादलीएवढा जड. "मग कॅरिअरला का नाही बांधत?"

यावर हे वाकून सायकलची चेन बघायला लागले. मीच सांगितलं. कॅरिअरवर माणसं बूड टेकून बसतात, तिथे वाद्य ठेवायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतो आपण, तिथे त्याला बसायच्या जागी कसं बांधणार? म्हणून पाठीवर. जुन्या काळ्या सायकलवर ते निभावून जायचं, कारण त्यावर माणूस ताठ बसतो. हिच्यावर वाकलं की मृदंगाचं वजनही सरकून हातांवर येतं. हे काही आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे बरं झालं. म्हणाल्या, "पाठीवर न्यायचा बंद करा, कसा न्यायचा तो तुमचा प्रश्न. आणि बोटांना नीट कळायला लागेपर्यंत वाजवणंही बंद. थाप तिथेच बसते. ऐकलं नाहीत तर अंगठ्याजवळचं मांस सुकत जातं, पकड जाते, आणि मग ती परत येईलच असं मी सांगू शकत नाही." मला त्यांनी कापसाचा बोळा दिला. डोळे मिटायला लावून बोटाला लावायचा आणि विचारायचं, कळतंय का.

घरी आल्यावर ह्यांनी सीट सरळ केली, हँडल वर घेतलं, जुनी स्वच्छ चादर चौघडी करून कॅरिअरवर घातली, हात जोडले आणि मृदंग तिच्यावर बांधला. मला वाटलं, चला, शहाणपण आलं. पण वाजवणं? ते पालथ्या घड्यावर पाणी. "माघी झाली की सोडतंय," म्हणाले. मी भांडले, अबोला धरला, प्रांजलने विनवलं. एकदा तर म्हणाले, "शेवंती, मी वाजवूचा सोडलंय तर माझ्याकडे काय ऱ्हवला गो? नळ?"

रोज सकाळी मी कापूस लावायचे आणि हे म्हणायचे, कळतंय. करंगळी, कळतंय. शेजारचं, कळतंय. मी खूश व्हायचे. पण भात गळतच होता. एका रविवारी हे डोळे मिटून बसले असताना माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी कापूस हातातच धरला. लावलाच नाही. विचारलं, "कळतंय?"

"व्हय," हे म्हणाले. "आज तर बेस कळतासा."

मी कापूस कचऱ्यात टाकला, चप्पल घातली, भाजी आणते म्हणाले आणि भांडुपची बस पकडली. नवऱ्याच्या पाठीमागे त्याचं जगणंच काढून घ्यायला निघाले होते मी. पण ती बोटं कायमची गेली असती तर?

निलेशबुवा दारातच पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, ह्यांच्या हाताला काही कळत नाही, माघीला दुसरा मृदंग बघा, आणि मी आले होते हे सांगू नका.

बुवांनी पेपरची घडी केली. "बसा, वहिनी. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. मी गजराची लय चढवतच नाही हल्ली. चढवली की दशाचा हात मागे राहतो. मागची बारी हरलो ना आम्ही, लोक म्हणाले बुवांचा दम गेला. म्हटलं, म्हणू दे." पेपरची घडी पुन्हा उलगडत म्हणाले, "माझ्याच्याने नाही झालं त्याला सांगणं. माघीला मी दुसरा घेतो. पण सांगावं तुम्हालाच लागेल."

मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. बुवांची बायको आतून पाणी घेऊन आली, ते मी तसंच ठेवलं.

घरी आले तर हे मृदंगापाशी बसले होते. मी सांगितलं. कापूस लावला नव्हता तेही सांगितलं, बुवांकडे गेले होते तेही सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील, भांडं फेकतील. हे नुसते हाताकडे बघत राहिले. मग विचारलं, "बुवांक कधी कळला?"

"आजच," मी म्हटलं. "मी सांगितलं तेव्हा."