थंड भट्टीपाशी जयसिंगराव

जयसिंगरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. जयसिंगरावांनी मात्र सगळी उमर सांवेर रोडच्या फाउंड्रीत लोखंड ओतण्यात काढली. उजव्या दंडावर भाजल्याचा मोठा डाग होता. तो कसा पडला, हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. सत्तरी उलटली आणि विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग मुलाचं, विक्रांतचं, नाव.

ती बंद पडलेली फाउंड्री डागडुजी करून लोकांना पाहायला उघडली, तेव्हा सून मधुरिमा म्हणाली, "बाबांना घेऊन जाते. जुनं बघून काही आठवलं तर आठवलं."

रविवारी दोघं निघाले. राजवाड्याजवळ पोहे-जलेबी खाताना जयसिंगराव खुशीत होते. "सेव थोडी जास्त टाक, भिया," असं दुकानदाराला सांगितलंसुद्धा. कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांपाशी बसून त्यांनी कबुतरं पाहिली. पण रिक्षा सांवेर रोडला लागली आणि ते बोलायचे थांबले. बोटातली अंगठी काढून त्यांनी खिशात टाकली.

"काय झालं, बाबा?"

"ड्यूटी आहे ना."

आत सगळं नव्याने रंगवलेलं होतं. भट्टीच्या तोंडात लाल दिवा लावला होता, स्पीकरवर मधूनमधून भोंगा वाजत होता. वर साखळीला, वितळलेलं लोखंड न्यायचं भलंमोठं भांडं टांगलेलं. त्याच्याखाली उभे राहून लोक फोटो काढत होते. रुची नावाची गाइड माहिती सांगत होती.

जयसिंगराव त्या लोकांत घुसले आणि हात पसरून त्यांना मागे रेटू लागले.

"नथू, हट तिथून. हुक सरकतोय."

"बाबाजी, ते रिकामं आहे," रुची समजावू लागली. "वेल्डिंग करून पक्कं केलंय. पडूच शकत नाही."

त्यांना ऐकू गेलंच नसावं. त्यांच्या धक्क्याने एक बाई खाली पडली, तेव्हा चौकीदारांनी त्यांना धरून बाहेर आणलं. भांडं जागचं हललंही नव्हतं.

बाकावर बसवून पाणी पाजताना मधुरिमाने विचारलं, "नथू कोण, बाबा?"

"माझा जोडीदार. डबा खाऊन आम्ही कामाला लागलो, तेवढ्यात लोखंडाचा रस सांडला त्याच्यावर. मी ओढायला गेलो." कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका साफ नव्हता. "ओढण्यासारखं काही उरलं नव्हतं."

निघताना तिने रुचीला त्याबद्दल विचारलं.

"इथे तसं कुठे लिहिलेलं नाही, दीदी," रुची म्हणाली, आणि परत आत जायच्या आधी दारातच थबकली.

त्यानंतर बाकीचं सगळं पुसत गेलं आणि फाउंड्री तेवढी उरली. ते कुणाला पंख्याखाली बसू देईनात. एका दुपारी मधुरिमा स्वयंपाकघरात गेली, तर खिडक्या बंद, गॅसच्या चारही शेगड्या भडकलेल्या, आणि जयसिंगराव उघड्या अंगाने समोर उभे.

"दार लाव," ते म्हणाले. "रस व्हायला वेळ आहे अजून."

विक्रांतने सिलेंडर कुलपात ठेवला. "आता त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावत जा," तो म्हणाला.

"कोंडून ठेवायचं त्यांना?"

"मग काय करू, तूच सांग."

ती कडी लावू लागली. आतून "गेट उघडा, गेट उघडा" असं दमेपर्यंत ऐकू यायचं.

भर चैत्रात मीटर बघायला माणूस आला. त्या गडबडीत कडी लावायची राहिली. अर्ध्या तासाने खोली रिकामी दिसली. विक्रांत थेट सांवेर रोडला गेला. फाउंड्रीच्या मागच्या भिंतीलगत, वाळल्या गवतात ते सापडले. पायांत चपला नव्हत्या, तळवे फोडांनी भरले होते, अंग तापाने फणफणत होतं.

दवाखान्यात ते नर्सला जवळ येऊ देईनात. भाजशील, दूर राहा, असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ते गेले. मधुरिमा शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती. तिला त्यांनी दूर हो म्हटलं नाही.